मदत हवी आहे: बाबांना बिनगिअरच्या स्कूटरवर वरंध घाट उतरू द्यावा का?

नमस्कार मंडळी,

२६ जानेवारी सोमवारी आलीय, म्हणजे सलग तीन दिवस सुट्टी. आम्ही सगळे गाड्यांवरून महाडला आत्याकडे निघतोय: मी, नवरा, ९ वर्षांची लेक, भाऊ-वहिनी आणि ६८ वर्षांचे बाबा. कोथरूडहून पहाटे निघायचं, सातारा रस्त्याने कापूरहोळ, तिथून भोर, नीरा देवघरच्या पाण्याच्या कडेकडेने वरंध घाट आणि खाली महाड. रविवारी रोपवेने रायगड, सोमवारी परत. आई गेल्यापासून "चला, जाऊ या" असं बाबा पहिल्यांदाच आपणहून म्हणालेत. त्यामुळे बेत मोडायचा नाही, हे पक्कं.

अडचण एकच. बाबांना त्यांची स्कूटर स्वतः चालवत घाट उतरायचाय. माझ्या लहानपणी चेतकवर आई मागे, मी पुढे उभी, अशी आमची वारी दर मे महिन्यात याच रस्त्याने जायची. वाघजाईच्या देवळापाशी थांबून भजी खायची आणि खालची दरी बघायची. ती दरी त्यांना गाडीवरूनच बघायचीय. शहरात ते अजूनही छान चालवतात, नजर चांगली आहे.

पण दिवाळीत मी हीच स्कूटर पसरणी घाटातून वाईला उतरवत होते, मागे लेक. निम्म्या घाटात मागच्या ब्रेकचा लिव्हर मऊ लागायला लागला आणि पुढच्या वळणावर चक्क मुठीला टेकला. पुढच्या ब्रेकवर कशीबशी कडेला घेतली. जळका वास येत होता. बाटलीतलं पाणी हातावरून निथळून ब्रेकच्या ड्रमवर पडलं तर चर्र आवाज झाला. लेक हेल्मेटच्या आतून विचारत होती, "आई, गाडी आजारी पडली का?" पुण्यात मेकॅनिकने लायनर काढून दाखवले, काचेसारखे गुळगुळीत झाले होते. नवीन टाकलेत, पण माझ्या मनातून ती भीती जात नाही. बाबांना हे सांगितलं तर म्हणतात, "तुला घाटात चालवायची सवय नाही."

तर विचारायचंय:
वरंधचा रस्ता सध्या कसा आहे? पावसाळ्यात दरडींमुळे बंद करतात हे माहीत आहे, पण आत्ता कुणी जाऊन आलंय का?
आणि खरा प्रश्न, बाबांना न दुखवता नाही कसं म्हणू? 'वय झालं' हे शब्द मला त्यांच्यासमोर उच्चारायचे नाहीत.

प्रतिसाद

ताई, वयाचा विषय काढूच नका. गिअरचा काढा. कारण खरं कारण तेच आहे.

चेतकला गिअर डाव्या हातात होते. उतार आला की तुमचे बाबा दुसऱ्यावर आणत असणार, मग इंजिनच गाडी धरून ठेवायचं आणि ब्रेक नुसता मदतीला. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुना नियम त्यांना पाठ असेल. बिनगिअरच्या स्कूटरला तो गिअर टाकायची सोयच नाही. ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन थोडं धरतं, पण वेग अगदी कमी झाला की क्लच सुटतो आणि गाडी मोकळी धावते. मग सगळा भार ब्रेकवर. ब्रेक सतत दाबून ठेवला की ड्रम तापतो आणि तुमच्यासारखं होतं. म्हणजे त्यांची इतक्या वर्षांची सवय चुकीची नाही, ती वापरायची जागाच या गाडीत नाही.

तरीही उतरायचंच झालं तर एकटे, मागे कुणी नाही, सामान नाही, दोन्ही ब्रेक थोडे थोडे मारत, आणि दर दोन-तीन किलोमीटरवर थांबून ड्रम गार होऊ द्यायचा. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून उतरायची जुन्या लोकांना खोड असते, ती अजिबात नको. पण मी तुमच्या जागी असतो तर स्कूटर भोरला ठेवली असती. रस्त्याची खबरही भोरमध्येच विचारा, तिथल्या गाडीवाल्यांना रोजचं माहीत असतं. लेकीचं हेल्मेट तिच्याच मापाचं घ्या, मोठ्यांचं वळणावर डोळ्यांवर सरकतं.

धागाकर्ती

खूप आभार. काल रात्री जेवताना बाबांना तुमचं जसंच्या तसं वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग ताटावरच डावी मूठ पुढे धरली, मनगट वळवलं आणि म्हणाले, "तिसरा... दुसरा. वाघजाईनंतर दुसराच." पुढे म्हणाले, "हिला ते नाहीच की." इतकी वर्षं स्कूटर चालवताना हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण शहरात तेवढा उतार लागतच नाही.

आता ठरलंय असं. भोरपर्यंत बाबा स्वतः, सगळ्यांच्या पुढे. तिथे त्यांच्या मित्राच्या अंगणात स्कूटर ठेवायची. पुढे माझ्या गिअरच्या १२५ सीसी गाडीवर ते मागे बसणार. "उतारावर गिअर मी सांगेन, तू टाक," असं त्यांनीच सुचवलंय.

टाकी भोरलाच भरून घेऊ ना? की घाट उतरल्यावर महाडच्या अलीकडे पंप लागतो?