केराटोकोनससाठी आरजीपी की स्क्लेरल लेन्स? वापरणाऱ्यांचा अनुभव हवा आहे

माझ्या 21 वर्षांच्या मुलीला दोन्ही डोळ्यांत केराटोकोनस आहे, म्हणजे कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा आजार. डाव्या डोळ्याचा कॉर्निया सर्वांत पातळ जागी 438 मायक्रॉन भरला आणि उंचवट्याची वक्रता 53 डायॉप्टरच्या वर गेली, तेव्हा गेल्या वर्षी त्या डोळ्याचे सी-थ्री-आर (कॉर्नियाला बळकटी देणारे उपचार) करून घेतले. त्यानंतरच्या टोपोग्राफीत (कॉर्नियाच्या आकाराच्या तपासणीत) आजार वाढलेला दिसत नाही, ही समाधानाची बाब आहे. मात्र सी-थ्री-आरने आजार थांबतो, गेलेली नजर परत येत नाही. चष्मा लावूनही डावा डोळा 6/24 च्या पुढे वाचत नाही आणि रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा तिला एका बाजूला ओघळल्यासारखा दिसतो.

सॉफ्ट टोरिक (सिलिंडर नंबरच्या मऊ) लेन्सचा विचार आम्ही सोडून दिला आहे, कारण मऊ लेन्स कॉर्नियाच्या वेड्यावाकड्या पृष्ठभागावर बसून त्याचाच आकार घेते. कडक लेन्स आपला आकार सोडत नाही आणि तिच्याखालची उंचसखल जागा अश्रूंच्या थराने भरून निघते. डॉक्टरांनी आरजीपी (हवा आरपार जाऊ देणारी लहान कडक लेन्स) आणि स्क्लेरल (तिच्याहून मोठी कडक लेन्स) अशा दोन्हींची ट्रायल घेतली व दोन्हींनी डावा डोळा 6/9 पर्यंत वाचतो, त्यामुळे नजरेच्या कसोटीवर निवड होत नाही. ती रोजच्या वापरावरच करावी लागणार आहे आणि तिथेच आमचे अडले आहे.

आम्ही सोलापूरला राहतो आणि मुलगी स्कूटरने कॉलेजला जाते. आरजीपी लेन्स जेमतेम 9-10 मिलिमीटरची असते आणि कॉर्नियावर तरंगते, त्यामुळे धुळीचा कण तिच्याखाली शिरला की डोळ्यातून घळाघळा पाणी येते आणि गाडी बाजूला घेण्यावाचून गत्यंतर नसते, असे ती वापरणाऱ्या एका परिचितांनी सांगितले. शिवाय उंचवट्याच्या टोकावर लेन्स सतत घासत राहिली तर तिथे व्रण पडू शकतो, ही भीती मला अधिक वाटते.

स्क्लेरल लेन्सला हे दोन्ही प्रश्न फारसे नाहीत. 16 मिलिमीटरची ती लेन्स डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते, कॉर्नियाला स्पर्श न करता त्याच्यावर कमान धरते आणि मधल्या जागेत सलाइन असते. मात्र ती बसवणे हे कौशल्याचे काम आहे. लेन्स रबरी प्लंजरवर ठेवून प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या सलाइनने काठोकाठ भरायची, मान इतकी वाकवायची की चेहरा जमिनीला समांतर व्हावा आणि एकही बुडबुडा राहू न देता ती डोळ्यावर टेकवायची. ट्रायलच्या वेळी पुन्हा पुन्हा बुडबुडा अडकला आणि मुलगी रडकुंडीला आली. काहींना दुपारपर्यंत आतले सलाइन गढूळ होऊन धुरकट दिसू लागते व लेन्स काढून पुन्हा भरावी लागते, असेही डॉक्टर म्हणाले. खर्चही आरजीपीच्या कितीतरी पट आहे. तो आम्ही करू, पण एवढे करून लेन्स डबीतच पडून राहू नये.

आणखी एक काळजी पाण्याची आहे. आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येते, ते साठवून वापरावे लागते. नळाच्या पाण्यातील अकँथअमीबा या सूक्ष्मजीवामुळे कॉर्नियाला गंभीर संसर्ग होऊ शकतो, म्हणून लेन्सला पाणी लागू द्यायचे नाही आणि हात धुतल्यावर पूर्ण कोरडे केल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद आहे. हे घरी सहज पाळता येईल. कॉलेजात दुपारी लेन्स काढून पुन्हा बसवायची वेळ आली तर आपण हे कसे सांभाळता?

ज्यांनी आधी आरजीपी वापरून नंतर स्क्लेरल घेतली, किंवा स्क्लेरल सोडून आरजीपीकडे परतले, त्यांच्या अनुभवाचा मला सर्वाधिक उपयोग होईल. बुडबुड्याशिवाय लेन्स बसवण्याची सवय व्हायला किती काळ लागला, दुपारचा धुरकटपणा फिटिंग बदलल्यावर कमी झाला का, आणि आरजीपी वापरणाऱ्यांना दुचाकीवर बंद काचेचे हेल्मेट किंवा गॉगल पुरेसा ठरतो का, हे कृपया सविस्तर लिहावे. लेन्सची ऑर्डर देण्यापूर्वी डॉक्टरांची आणखी एक भेट ठरली आहे. त्यांना काय विचारून घ्यावे, हेही सुचवल्यास आभारी राहीन.