चौघं, तीन दिवस, ३,८५० रुपये : मुंबई महाग आहे असं कोण म्हणतं?

कृष्णाकाठचा

मंडळी, आमच्या मिरजेकडे एक समज पक्का आहे. मुंबईला फिरायला जायचं म्हणजे पतसंस्थेतनं पैसे काढूनच निघायचं. दिवाळीनंतर मी, बायको आणि दोन पोरं (वय ११ आणि ८) शुक्रवार ते रविवार मुंबई बघून आलो. मिरज-मुंबई रेल्वेभाडं सोडून झालेला खर्च वहीत लिहिलाय, जसाच्या तसा देतो : लोकल आणि बस ४८०, बोट आणि सगळीकडची तिकिटं १,१२०, खाणं १,६५०, किरकोळ खरेदी ६००. एकूण ३,८५०.

बघितलं काय? पहिल्या दिवशी सीएसएमटीची इमारत बाहेरून चांगली अर्धा तास, मान दुखेपर्यंत. मग चालत फोर्ट, राजाबाई टॉवर, ओव्हल मैदान. मैदानाच्या एका अंगाला कोर्ट आणि विद्यापीठाच्या दगडी इमारती, समोरच्या अंगाला १९३० च्या आसपासच्या गोल सज्जांच्या इमारती. ह्या दोन्ही रांगा मिळून २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्यात. मधे उभं राहून दोन्हीकडे बघायला पैसा पडत नाही. जहांगीर आर्ट गॅलरीही फुकट. संध्याकाळी मरीन ड्राइव्हचा कट्टा.

दुसऱ्या दिवशी राणीबाग. आईबाप आणि दोन मुलं मिळून १०० रुपये, त्यात पेंग्विनसुद्धा आले. आवारालगतच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, तिकीट चहाच्या भावात. तिसऱ्या दिवशी एलिफंटा. पोरांना लेण्यांचं तिकीट नाही (१५ वर्षांखाली माफ), मोठ्यांना ४० रुपये. बोटीला मात्र पैसे जातात. तिथली हॉटेलं महाग म्हणून मावसवहिनींनी पोळी-भाजी आणि दहीभाताचा डबा दिला होता.

मुलुंडला मावसभावाकडे उतरलो होतो, त्यामुळे राहण्याचा खर्च नाही. आता सांगा, ह्यापेक्षा जास्त पैसे उधळणाऱ्यांनी जास्त काय बघितलं?

चौथी सीट

छान लिहिलंय. एकच शंका. शेवटून दुसऱ्या ओळीत तुम्ही जे पटकन उरकलंत, तोच खरा हिशेब नाही का?

मी डोंबिवलीला राहतो. दर मे महिन्यात आणि दिवाळीत आमच्या वन बीएचकेत 'स्वस्तात मुंबई बघायला' कोणी ना कोणी येतं. मी हौसेनं ठेवून घेतो, ते सोडा. पण तेव्हा काय होतं ते सांगतो. बायको पहाटे पाचला उठते. नेहमीच्या दोन डब्यांचे सहा डबे होतात. टाकीचं पाणी आठ वाजता संपतं. मी हॉलमधे सतरंजीवर झोपतो आणि सकाळी ८.१२ च्या लोकलच्या दाराला लटकतो. पाहुण्यांच्या वहीत ह्याची नोंद 'राहणं : शून्य'.

चार माणसांना मुंबईत साधी, बरी खोली घ्यायची तर रात्रीचे दोन-अडीच हजार कुठे गेले नाहीत. तीन रात्री धरा, तीन सकाळचे नाश्ते धरा, दहीभात धरा. तुमची सहल अकरा-बारा हजारांची होती. पैकी ३,८५० तुम्ही दिले.

हिशेबी राघू

@चौथी सीट, इतकं कशाला? नातेवाईक एकमेकांकडे उतरतातच. उद्या तुम्ही अंबाबाईच्या दर्शनाला याल, मिरजेत त्यांच्याकडेच राहाल.

मुद्दा मुंबई स्वस्त आहे का, हा आहे. आहेच. जगातल्या इतक्या मोठ्या शहरात १० किलोमीटरचा रेल्वेप्रवास ५ रुपयांत होत असेल तर दाखवा. मणिभवन फुकट. लॅबर्नम रोडवरच्या ह्या घरात गांधीजी १९१७ ते १९३४ मुंबईत आले की उतरायचे. वाळकेश्वरचं बाणगंगा तळं फुकट. बोरिवलीकडून बोटीत बसून खाडी ओलांडली की गोराईचा पॅगोडा, तोही फुकट. धागाकर्त्यानं उलट बरंच सोडलंय. सेकंड क्लासचा एक, तीन, पाच दिवसांचा टुरिस्ट पास मिळतो, खिडकीवर विचारायला हवा होता.

खाण्यात १,६५० म्हणजे जास्तच झाले. माटुंगा स्टेशनला लागून रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ पासूनचं. केळीच्या पानावर पोटभर जेवा आणि संध्याकाळचं जेवण विसरा. आमचं कॉलेजात तेच चालायचं.

सायलीची आई

इथले बहुतेक प्रतिसाद पुरुषांचे दिसताहेत, कारण एका गोष्टीचा उल्लेखच नाही. ओव्हल ते मरीन ड्राइव्ह चालत जाताना वहिनी आणि ११ वर्षांची मुलगी (की मुलगा?) बाथरूमला कुठे गेल्या?

मी ही 'बजेट सहल' केली आहे. माझ्या मुलीनं दुपारी बारापासून पाणी पिणं बंद केलं होतं, न सांगता, कारण सकाळचं एक सार्वजनिक शौचालय तिनं बघितलं होतं. रात्री तिला डोकेदुखी आणि ताप. त्या दिवशी आमचे सहाशे रुपये वाचले होते.

तेव्हापासून माझा नियम असा की दुपारी एक तिकीटवालं ठिकाण ठेवायचंच. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं तिकीट चौघांना जड वाटतं, मान्य. पण आत सावली, बाक, पंखे, स्वच्छतागृह आणि शिवाय संग्रहालय! बाहेर दोन तास उन्हात फिरण्यापेक्षा ते पैसे वसूल. आणि संध्याकाळी परतताना एसी लोकल. कोणी काहीही म्हणो.

कृष्णाकाठचा

@सायलीची आई, मुलगी. ती आणि तिची आई सीएसएमटीवर पैसे देऊन जाऊन आल्या, नंतर संध्याकाळी घरीच. बायकोला आत्ता विचारलं. ती म्हणाली, "मग? तू विचारलं होतंस का?" पुढचा संवाद इथे देत नाही.

@चौथी सीट, आम्ही रिकाम्या हातानं गेलो नव्हतो. पाच किलो जोंधळा, हळद, गूळ आणि घरचा शेंगदाणा नेला होता.

चौथी सीट

जोंधळा दळून भाकऱ्या कोणी थापल्या?

गिरगावकर (आता विरारकर)

माझा विरोध दोन्ही पार्ट्यांना आहे.

राघूसाहेब, 'फुकट' हा शब्द जपून वापरा. भाऊ दाजी संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलं, तेव्हा त्याच्यासाठी नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी अशा मंडळींनी वर्गणी गोळा केली होती. लोकल ५ रुपयांत धावते, कारण उरलेले पैसे रेल्वे दुसरीकडून भरून काढते. बेस्ट बसचं किमान भाडं २०१९ मध्ये ५ रुपयांवर आणलं, मे २०२५ मध्ये ते १० झालं, एसी बसचं १२. तोटा कोणीतरी सोसत होतं म्हणून ते पाच होतं. मुंबई स्वस्त नाही हो, कोणीतरी आधीच पैसे भरून ठेवलेली आहे. (मावसवहिनीसकट.)

आणि बसनं पैसे वाचतात हेही तपासून घ्या. फेब्रुवारी २०२५ पासून काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं ३१ रुपये आहे. दोन मोठी आणि दोन अर्ध्या तिकिटाची मुलं साध्या बसला ३० देतात, एसी बसला ३६. एका रुपयासाठी चौघं थांब्यावर अर्धा तास उभे! दक्षिण मुंबईत मीटरनं टॅक्सी अजून मिळते. चार माणसं असली की जवळच्या अंतराला टॅक्सीच घ्यायची, हे आमच्या आजीला कळत होतं. रिक्षा मात्र वांद्रे-शीवच्या खाली येत नाही, तिची वाट बघू नका. दरवर्षी कोणीतरी बघतंच.

आता दुसरा विरोध. चौघांनी तीन दिवसांत १,६५० चं खाल्लं, त्यात काय होतं? वडापाव, पावभाजी, वडापाव, चौपाटीची भेळ, वडापाव? मिरजेत वडापाव मिळत नाही का? मुंबईला येऊन बोंबील नाही, तिसऱ्या (शिंपल्या) नाहीत, गिरगाव-दादरच्या खानावळीतलं सुरमईचं ताट नाही. (शाकाहारी असाल तर माफी, मग दादरला मिसळ आणि थालीपीठ तरी.) धोबीतलावाच्या कयानीत १९०४ पासून लोक बनमस्का चहात बुडवून खातायत. ते संगमरवरी टेबल, तो आरसा हेही बघण्यात धरा की. दोन वेळा वडापाव खा, हरकत नाही. तिसऱ्या वेळी बसून, ताटात, घाम पुसत जेवा. बजेट म्हणजे सगळीकडे कमी खर्च करायचा असं थोडंच आहे? एका ठिकाणी मूठ आवळायची, ती दुसऱ्या ठिकाणी सोडायला.

अवांतर : एलिफंटा काय? घारापुरी म्हणा.

हिशेबी राघू

टॅक्सीचं गणित पटलं, पण तुम्ही सोयीचं उदाहरण घेतलंत. पाच-सहा किलोमीटरला बसच स्वस्त. आणि सीएसएमटी-गेटवेवर टॅक्सीवाल्यांनी मीटर टाकायला नकार दिला की ३१ चे १५० होतात. मी भांडून उतरलोय.

ताटाबद्दल : चौघांचं सुरमईचं जेवण म्हणजे ह्यांचा तीन दिवसांचा खाण्याचा खर्च एका दुपारी. सगळ्यांना जमत नाही. 'एकदा तरी खा' हे सांगणाऱ्याला सोपं असतं.

गिरगावकर (आता विरारकर)

चौघांनी दोन ताटं घ्यावीत. पोरं अशीही सोलकढी सांडतात आणि पापड खातात.

कृष्णाकाठचा

मासे खातो, घाबरू नका. बायको नाही खात.

घारापुरीबद्दल थोडं राहिलंच होतं, ते लिहितो, कारण इथे सगळी चर्चा खर्चावर चाललीय. बोटीला जाताना तासभर लागतो. वर बसायचं तर वेगळे पैसे मागतात, ते दिले, कारण धाकटा आधीच जिना चढून गेला होता. (हा खर्च बोटीत धरलाय.) धक्क्यापासून छोटी रेल्वे आहे, पण आम्ही चाललो. मग शंभरावर पायऱ्या, दोन्ही बाजूंना माळा आणि टोप्यांची दुकानं, पोरांनी प्रत्येक दुकानाशी थांबून. मी पुढे ओढत होतो. आत गेलो आणि अंधाराला डोळे सरावले, तेव्हा ती २० फुटांच्या आसपासची तीन मुखांची सदाशिवाची मूर्ती दिसली. पोरगी म्हणाली, "बाबा, मधल्याचे डोळे मिटलेत." मी शाळेच्या पुस्तकात शंभरदा बघितलेलं चित्र, डोळे मिटलेत हे मला माहीत नव्हतं. आम्ही तिथे पाऊण तास बसलो. तीन दिवसांत एवढं निवांत कुठेच बसलो नव्हतो.

आता विचार करतो तर बाकी दोन दिवस मी ठिकाणं मोजत होतो, हे खरं आहे. राणीबागेत पेंग्विनसमोर मी घड्याळ बघत होतो.

सोमवारी लेणी बंद असतात, राणीबाग आणि भाऊ दाजी बुधवारी. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

सायलीची आई

हा प्रतिसाद मूळ धाग्यात असायला हवा होता.

रविवारी मेगाब्लॉक लागला नाही का तुम्हाला?

कृष्णाकाठचा

लागला ना. परतताना गाडी भलत्याच ट्रॅकवरून गेली, काही स्टेशनं न थांबता. पण मुलुंडला थांबली. घरी पोचेपर्यंत वहिनींनी थालीपिठं लावली होती.

चौथी सीट

मी काही बोलत नाही.

हिशेबी राघू

बोला हो, तुमचं तेवढंच चाललंय. खरं सांगा, हॉटेलात उतरले असते तर तुम्हीच म्हणाला असता, "मुंबईत येऊन घरी आले नाहीत, मोठे झालेत आता."

चौथी सीट

म्हणालो असतो. माझं म्हणणं येऊ नका असं नाही. येणाऱ्यानं एक रात्र तरी घरच्या सगळ्यांना बाहेर जेवायला न्यावं. आमच्याकडे एकदा नागपूरची मंडळी आली होती, त्यांनी तिसऱ्या दिवशी बायकोलाही राणीबागेत नेलं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, ती पहिल्यांदा गेली. आम्ही मुंबईत राहतो, पण मुंबई बघायला आम्हाला पाहुणे लागतात.

रुकडीची पाहुणी

नवीन आहे, धागा वाचून विचारते. पुढच्या आठवड्यात पहाटे पावणेपाचला दादरला उतरतोय. सोबत आई, गुडघे दुखतात. अकराला परळला डॉक्टरांची वेळ आहे. तोवर काय करावं? कोणी नातेवाईक नाहीत. फूलबाजार जवळ आहे म्हणतात.

गिरगावकर (आता विरारकर)

फूलबाजार पश्चिमेला आहे, मधे पूल आणि त्या वेळी पाट्या घेऊन पळणारी माणसं. आईंना नेऊ नका. उजाडेपर्यंत वेटिंग रूममधे बसा. सातच्या सुमारास पूर्वेकडून बाहेर पडून माटुंगा गाठा, तिथली उडुपी हॉटेलं उघडलेली असतात. इडली, फिल्टर कॉफी, बसायला खुर्ची, हात धुवायला बेसिन. मग सावकाश परळ.

हिशेबी राघू

दादर पूर्वेहून माटुंग्याला बस आहे, दहा रुपये.

कृष्णाकाठचा

टॅक्सी करा.