मदत हवी आहे: जमिनीचा हक्क आणि शेतीचं उत्पादन

नमस्कार मंडळी. मी राजापूरची, अर्थशास्त्रात एम.ए. करतेय. समाजवादी व्यवस्थेतून बाजाराकडे वळलेल्या देशांत जमिनीचे कायदे, कोर्टं, कर्जाची सोय यांचा शेतीवर काय परिणाम झाला, यावर प्रबंध लिहायचाय.

चीनमध्ये १९७८ नंतर, व्हिएतनाममध्ये १९८८ नंतर कुटुंबांना स्वतंत्रपणे जमीन कसायला मिळाली आणि उत्पादन झपाट्याने वाढलं. रशियात मात्र १९९० च्या दशकात कागदोपत्री खासगीकरण होऊनही उत्पादन घसरलं.

हे वाचताना आमचाच सातबारा डोळ्यांसमोर येतो. सत्तावीस नावं, निम्मी मंडळी मुंबईला, काही तर कधीच वारलेली. सगळ्यांच्या सह्या जमत नाहीत म्हणून बागेसाठी कर्ज नाही. आजोबांनी लावलेल्या हापूसच्या कलमांवर बांडगुळं चढलीत, खाली रान माजलंय. बाबांचा जीव तुटतो.

माझं अडलंय ते इथे: चीनने १९७९ मध्ये धान्याचे सरकारी खरेदीभावही वाढवले होते. मग उत्पादनवाढीत जमिनीच्या हक्काचा वाटा किती आणि भावाचा किती, हे वेगळं कसं काढायचं? या विषयात काम केलेल्यांनी कृपया सांगा.

आणि ज्यांनी सामाईक जमिनीचं वाटप करून घेतलंय, त्यांची बाग त्यानंतर सुधारली का? तेही जरूर लिहा.