गावचा पैसा, सही कोणाची? : अनुभव लिहा

दिवाळीत गावी गेलो होतो, यवतमाळ जिल्ह्यात. मारुतीचा सभामंडप एका हंगामात उभा राहिला. कापूस विकला की क्विंटलमागे ठरलेली रक्कम, वहीत नाव, विषय संपला. समोरच पाण्याची टाकी आहे. तिलाही लोकवर्गणी दिलीच होती, पण तिच्याखाली आता गोवऱ्या रचलेल्या असतात. माणसं तीच, खिसे तेच. मंडपाला पाच जण अन् एक वही होती. टाकीला समिती, पंचायत, तालुक्याचं उपविभागीय कार्यालय आणि बाहेरचा ठेकेदार. तुमच्याकडं काय झालं? पक्षांची भांडणं नकोत. पैसा कोणी जमवला, ठेवला कुठं, सही कोणाची, तेवढं लिहा.

पाणी समितीची जुनी खजिनदार, बुलडाणा जिल्हा

भाऊ, मी जलस्वराज्य या सरकारी पाणीयोजनेच्या वेळची. तेव्हा खर्चाच्या 10 टक्के गावानं भरायचे आणि समितीत निम्म्या बायका, असा नियम होता. मला घेतलं ते संख्या भरायला, हे मला ठाऊक होतं. पण पैसा थेट समितीच्या खात्यात आला आणि पासबुक माझ्या घरी, पापडाच्या डब्यात. मग लोक विचारायला माझ्याच दारात. रोख नव्हती त्यांनी चर खोदून दिला. त्यांची हजेरी मी शाळेच्या वहीत मांडली. पाइप आले तेव्हा दोघी जणी टेप घेऊन मोजायला गेलो. ठेकेदार हसला. दोन नग कमी निघाले, मग नाही हसला.

नळ आला. पुढं योजना पंचायतीकडं गेली आणि पाणीपट्टी बाकीच्या वसुलीत मिसळली. आधी कोणाचं थकलं ते मला तोंडपाठ असायचं. नंतर कोणालाच सांगता येईना. वीजबिल थकलं, मोटर बंद.

निवृत्त ग्रामसेवक, वर्धा

ताई, दोष द्या, पण आमचीही बाजू ऐका. चौदाव्या वित्त आयोगात, म्हणजे 2015 ते 2020, आयोगाचा सगळा पैसा ग्रामपंचायतीला यायचा. पंधराव्यात जिल्हा परिषदेला 10, पंचायत समितीला 10, आम्हाला 80 टक्के. त्यातही मोठा हिस्सा बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच. लोकांना हवा पांदणरस्ता! खरं दुखणं गट ग्रामपंचायतीचं. माझ्याकडं तीन गावं होती, सरपंच मोठ्या गावाचा. लहान गाव घरपट्टी वेळेवर भरायचं आणि त्यांचीच नाली शेवटी व्हायची. आराखड्यात त्यांचं काम दरवर्षी असे, फक्त पान बदलायचं. सही सरपंचाची आणि माझी. मीही केली, नाकारत नाही.

धानवाला, भंडारा

आमच्या मामा तलावाचं ऐका. मामा म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या जमीनदारांच्या वेळचा. मालगुजारी गेली 1951 ला, तलाव सरकारजमा. तोवर पाणी वाटायला पाणकर असे, त्याला मेहनताना धानात. आता 100 हेक्टरच्या आत भिजवणारा तलाव जिल्हा परिषदेकडं, मासोळीचा ठेका मच्छीमार संस्थेकडं, गाळ न्यायचा तर आणखी परवानगी, अन् पाणी पाह्यजे आमाले! तलावाच्या पाळीले, म्हणजे बांधाले, भोक पडलं तवा एकरामागे पैसे गोळा करून मुरूम आणला. साहेब म्हणाले, हात लावू नका, अंदाजपत्रक होऊ द्या. ते होईस्तोवर रोवण्याचे दिवस गेले. मुरूम पाळीवरच पडून होता, पोरं त्याच्यावर घसरगुंडी खेळत. संस्थेवाले ढिवर भाऊ आमच्याच गावचे. त्यायले पाणी राखायचं, आमाले सोडायचं. एका जागी बसवणारा पाणकर काहून ठेवला नाई कोणी?

धानोऱ्याकडचा, गडचिरोली

आमच्या शेजारी मेंढा (लेखा) गाव. सामूहिक वनहक्क त्यांना 2009 मध्ये मिळाला, बांबूचा वाहतूक परवाना 27 एप्रिल 2011 ला ग्रामसभेच्या हातात आला. सगळे त्या परवान्याबद्दल बोलतात. मला महत्त्वाचं वाटतं ते त्याआधीचं: तिथं ठराव बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं होतो. एक माणूस अडला तर पुन्हा बैठक. फार वेळखाऊ, खरंच कंटाळा येतो.

आम्हीही तेंदूपत्त्याचे पैसे ग्रामसभेच्या खात्यात घेतो. पहिल्या वर्षी सही दोघांची होती, दोघं साडूभाऊ निघाले. आता तिघं, तीन टोल्यांचे, म्हणजे वेगवेगळ्या वाड्यांचे. चेक काढायला एक दिवस जास्त लागतो.

अमरावतीकर

आमच्याकडं वर्गणी म्हटली की पहिला प्रश्न एकच: पावती कोण फाडते? त्याच्यावरून अर्धे पैसे ठरतात. बाकी पुन्हा कधी.

बुलडाण्याची खजिनदार, पुन्हा

ग्रामसेवक भाऊ, तुम्ही कबूल केलं म्हणून राग नाही. पण योजना सोपवताना वही कोणी मागितलीच नाही हो. सगळ्यांनी किल्ल्या तेवढ्या नेल्या. पासबुक अजून माझ्याकडंच आहे. शिल्लक 214 रुपये.