शनिवारी गच्चीवर कुठला पिक्चर?

बी-३०४ काकू: शनिवारी साऊंड ऑफ म्युझिकच लावा बाई, पोरं पण बघतील

ए-१०२: काकू परत तेच 😀 गेल्या वर्षी पण तेच होतं. द हाँटिंग लावूया, १९६३ चा ब्लॅक अँड व्हाईट, भुताचा

बी-३०४ काकू: ईऽऽ नको

सी-४०१ काका: अहो काकू दोन्ही एकाच माणसाचे आहेत, रॉबर्ट वाइज. ६३ ला भुताचा केला आणि ६५ ला तुमची मारिया

बी-३०४ काकू: काय सांगता!!

सी-४०१ काका: मूळचा एडिटर तो, आरकेओ स्टुडिओत, दिग्दर्शक ऑर्सन वेल्सचा सिटिझन केन त्यानेच एडिट केलाय. मग दिग्दर्शक झाला आणि काय काय केलं बघा, बॉक्सिंगचा द सेट-अप (१९४९) फक्त ७२ मिनिटांचा आणि गोष्ट पण तेवढ्याच वेळात घडते, ५१ ला परग्रहावरचा पाहुणा वॉशिंग्टनला उतरवला, मग पाणबुडीचा झाला, ६१ ला वेस्ट साइड स्टोरी, त्या पिक्चरला १० ऑस्कर आणि ७९ ला थेट अंतराळातला स्टार ट्रेक

ए-१०२: स्टार ट्रेक राहू द्या काका, झोप लागते

सी-४०१ काका: ते मान्य 🙏

डी-२०३: सगळं केलं पण त्याचं स्वतःचं काय? हिचकॉकचा पिक्चर दोन मिनिटांत ओळखू येतो, ह्याचा येत नाही

सी-४०१ काका: कात्री, म्हणजे एडिटिंग. हाँटिंगमध्ये भूत एकदा पण दिसत नाही, नुसतं धाडधाड आणि दार आत फुगतं, कधी दार दाखवायचं कधी बाईंचा चेहरा एवढ्यावर घाम फोडतो. आणि साऊंड ऑफ म्युझिकमधलं डो रे मी बघा, पोरं अख्खं साल्झबर्ग शहर फिरतात, कपडे बदलतात, गाणं कुठे तुटत नाही

डी-२०३: तीच कात्री ऑर्सन वेल्सच्या अँबरसन्स पिक्चरवर चालवली ना? वेल्स ब्राझीलमध्ये आणि इकडे स्टुडिओने पिक्चर कापून शेवट पण बदलला

सी-४०१ काका: हो, तो डाग आहेच. पण पगारी माणूस होता तेव्हा, हुकूम स्टुडिओचा

ए-१०२: काकू, ते डोंगरावरचं गाणं आहे ना, ते शूट करणाऱ्या हेलिकॉप्टरच्या वाऱ्याने मारिया झालेली ज्यूली अँड्र्यूज दरवेळी गवतात आडवी व्हायची

बी-३०४ काकू: अगं बाई 😂 आणि तोंडावर काही दिसत नाही

सेक्रेटरी: गच्ची ८ ला उघडेल, १० ला आवाज बंद. साऊंड ऑफ म्युझिक जवळजवळ तीन तासांचा आहे, बसणार नाही

सी-४०१ काका: मग सेट-अप?

बी-३०४ काकू: मारामारी नको. भुताचाच लावा मग, पण जिन्यातले दिवे चालू ठेवा