इटली बूट, तसे दुसरे देश कोणते? (नकाशावरून पडलेली नावं)

कपाशीवाला, पांढरकवडा
राम राम मंडळी. पोरगी सहावीत हाये, काल रात्री लाईन गेली तं ओसरीवर मोबाईलच्या उजेडात नकाशाची पुस्तिका घेऊन बसली अन् इटलीवर बोट ठेवून म्हणते, बाबा हा तं गमबूट हाये. मी म्हटलं बूटच म्हंतात त्याले. मंग दुसरे कोणते इचारलं तं मले काही सुचेना. अन् तिथले लोक सोता असं म्हंतात का हे भूगोलाच्या गुरुजीचंच हाये?

वर्धाकाठ
म्हंतात ना बापा. इटलीवाले 'लो स्तिवाले' म्हंतात, म्हणजे बूटच. टाच पुलियात, बोटं कालाब्रियात अन् समोर सिसिली, जशी काही लाथ मारून रायला. फ्रान्सवाल्यायचा 'षटकोन' तं बातम्यातही चालते, दूरची बेटं वगळून युरोपातला फ्रान्स म्हणायचा असला की हाच शब्द. त्यायच्या १ अन् २ युरोच्या नाण्यावरही झाडाभोवती षटकोन हाये.

टिकाराम_नाही
हे सगळं छापील नकाशे आल्यावरचं. त्याच्याआधी देश वरून पाहिला कोणं?

वर्धाकाठ
तसं नाही भाऊ. दोनेक हजार वर्षांपूर्वी स्ट्रेबो नावाच्या ग्रीक भूगोलवाल्यानं स्पेन-पोर्तुगालच्या भागाले ताणलेल्या बैलाच्या कातड्याची उपमा देली होती. स्पेनमंधी 'बैलाचं कातडं' आजही म्हंतात.

धुऱ्यावरचा
मले चीनचं भारी वाटते. आता कोंबडा म्हंतात, डोकं ईशान्येकडे, शेपटी शिनजियांगकडे. पण पयले मंगोलिया धरून नकाशा काढत तेव्हा बेगोनिया नावाच्या फुलझाडाचं पान म्हणत. १९४६ मधे चीनच्या सरकारनं मंगोलियाले वेगळा देश मानलं, पानाचा वरचा भाग गेला, उरला कोंबडा. आमच्या गावात उलटं हाये. नाल्याच्या वळणामुळे एका वावराले 'इळ्याचं वावर' म्हणत, पुरात नाला सरकला, आता धुरा सरळ झाला तरी डवऱ्याले माणूस लावायचा तं 'इळ्याच्या वावरात ये' असंच सांगा लागते, गट नंबर कोणाच्या ध्यानात हाये!

कोरियाचं पण पाहा. १९०३ मधे कोतो नावाच्या जपानी भूगर्भवाल्यानं त्याले ससा म्हटलं. कोरियन लोकायले ते झोंबलं, १९०८ मधे चोए नाम-सोन यानं आपल्या मासिकात तोच नकाशा पंजे उगारलेला वाघ करून छापला. किनारा तोच, जनावर बदललं.

टिकाराम_नाही
बरं, बैलाचं मान्य. मंग आपली 'चिकन नेक' (कोंबडीची मान) पण घ्या, ईशान्येकडच्या राज्यायले जोडणारी पट्टी, सिलीगुडीपाशी जेमतेम २०-२२ किलोमीटर रुंद. देश नाही, पण नाव आकारावरूनच.

कपाशीवाला, पांढरकवडा
धन्यवाद सगळ्यायले. ससा-वाघ सांगून फसलो ना मी, पोट्टी तवापासून पुस्तिका उलटीपालटी करून दोन्ही शोधून रायली. ससा सापडला म्हणते, वाघाचे पाय कुठं येतात ते कोणी सांगन का? उद्या शाळेत दाखवायचं हाये.