मार्च २०११ ला जपान सोडून गेलेले परदेशी: पळपुटे की शहाणे?

सुशीवाला_कोकणी: इथे नवीन आलेल्या मुलांमध्ये परत तोच विषय निघालाय, मोठा भूकंप झाला तर थांबायचं की घर गाठायचं. माझं मत सरळ आहे, २०११ ला तोक्योतून जे गेले त्यातल्या बहुतेकांनी उगाच घाई केली. ११ मार्चला शुक्रवारी भूकंप, १२ ला फुकुशिमाच्या अणुप्रकल्पात पहिला स्फोट, १४ ला दुसरा, आणि त्या आठवड्यात शिनागावाच्या इमिग्रेशन ऑफिसबाहेर री-एंट्री परमिटला (जपानात परत यायच्या परवान्याला) ही भलीमोठी रांग, कारण तेव्हा परमिट न घेता गेलात की व्हिसा गेला. म्हणजे पळायचं पण आहे आणि परतीची सोय पण हवीये! जपानी लोक ट्रेन बंद म्हणून रात्री तासन् तास चालत घरी गेले आणि सोमवारी कामावर हजर. तोक्यो फुकुशिमापासून २०० किमीच्या वर आहे हो.

निशिकासाईची_आई: बोलायला काय जातंय. २३ मार्चला तोक्योच्या कानामाची जलशुद्धीकरण केंद्राच्या पाण्यात किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ सापडलं, किलोला २१० बेक्वेरेल (किरणोत्सर्ग मोजायचं एकक), तान्ह्या बाळांची मर्यादा १००. आमच्या एदोगावा वॉर्डाला तेच पाणी. दुकानात बाटली नाही, पावडरचं दूध कशात कालवू मी? सरकारने बाळामागे अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या दिल्या. दुसऱ्या दिवशी आकडा ७९ वर आला, मान्य, पण परवा किती असेल हे कोण सांगणार होतं? नवरा थांबला, मी बाळाला घेऊन नाशिकला गेले, जूनमध्ये परत आले. पळाले नाही, गेले.

बिनसाखरेचा: अहो पण ऐकायचं तरी कोणाचं? जपान सरकार म्हणतं प्रकल्पाभोवतीचं २० किमी रिकामं करा, अमेरिका आपल्या लोकांना सांगते ८० किमी लांब राहा, फ्रान्स म्हणतं तोक्यो सोडा, जर्मनीने तर दूतावासाचं काम ओसाकाला हलवलं. त्यात आपल्याकडच्या चॅनलवर दिवसभर तोच स्फोट, ते बघून आई फोनवर रडतेय, आणि जपानी मोडकंतोडकं येणाऱ्याने शांत डोक्याने निर्णय घ्यायचा म्हणे!

सुशीवाला_कोकणी: ताई, लेकुरवाळ्यांबद्दल मी बोलतच नाहीये. एकटा जीव सदाशिव असलेल्यांचं बोलतोय. आमच्या टीममधला एक हँडओव्हर न देता गायब, विमानतळावरून ईमेल. त्याचं काम आम्ही निस्तरलं, तेही योकोहामाला ठरवून तीन-तीन तास लाईट जात होते तेव्हा. परत आल्यावर जपानी साहेब काही बोलला नाही, फक्त महत्त्वाचं काम त्याला परत कधी दिलं नाही.

ओसाकाकर: आणि थांबलेल्यांचं कोणीच बोलत नाही. भारतीय, पाकिस्तानी हॉटेलवाले टेम्पोत भांडी-तांदूळ घालून उत्तरेत गेले, निवारा केंद्रात गरमागरम करी-भात वाढला. आपली एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) ४६ जणांची टीम त्सुनामीने उद्ध्वस्त झालेल्या ओनागावा गावात होती, पहिल्यांदाच देशाबाहेर. अर्थात हॉटेलवाल्याचा सगळा पैसा दुकानात अडकलेला, तो जाणार तरी कुठे, कंपनीच्या तिकिटावर आलेल्याला जाणं सोपं.

निशिकासाईची_आई: हँडओव्हरचं पटलं, कळवून जायला हवं होतं. पण ते सोमवारी हजर वगैरे कौतुक पुरे. माझ्या शेजारची जपानी बाई दोन पोरं घेऊन माझ्याही आधी लांब दक्षिणेला क्यूशू बेटावर माहेरी गेली, पश्चिमेकडे जाणाऱ्या शिंकान्सेनमध्ये (बुलेट ट्रेनमध्ये) अशा कितीतरी बायका होत्या. त्यांना म्हणणार का पळपुट्या?